तीनचाकी बाबागाडी घेण्याआधी टेप घेऊन खाली उतरा

एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडा आटोपशीर करून देतो. "मुलगी आठ महिन्यांची आहे. पुण्यात कर्वेनगरला चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे. नवरा रोज सकाळी पळायला जातो, त्याला लेकीला बरोबर न्यायचंय. नणंद डिसेंबरात अमेरिकेहून येतेय, तिथली तीन चाकांची बाबागाडी आणते म्हणते. सासूबाई म्हणतात तीन चाकांची गाडी कलंडते, चार चाकांचीच घ्या. काका, नक्की काय करावं? आमची कार छोटी आहे, सीएनजीची."

ताई, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत. सीएनजीचं. त्यावर येतोच. आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. आमचं सायकलचं दुकान, वडिलांनी काढलेलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी गल्लीतला एक सॉफ्टवेअरवाला अमेरिकेहून परत आला आणि बाबागाडीचं चाक घेऊन दुकानात उभा राहिला, "याचा आऊट काढून मिळेल का?" स्पोकचं चाक, बारा इंची, आपल्या लहान मुलांच्या सायकलचं असतं तसंच. काढून दिला, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करून दिलं. त्यानं चार मित्रांना सांगितलं. आज सायकलींपेक्षा बाबागाड्याच जास्त येतात, दुरुस्तीला आणि भाड्यानं न्यायलाही. मी डॉक्टर नाही. बाळाच्या मानेपाठीबद्दल जे सांगेन ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांना एकदा विचारून घ्या. चाकांबद्दल मात्र माझं ऐका.

बाबागाड्यांची दोन घराणी आहेत, एक उचलणाऱ्यांचं आणि दुसरं पळणाऱ्यांचं. पहिल्याचा मूळपुरुष ओवेन मॅक्लारेन. इंग्लंडमधला विमानांचा इंजिनिअर, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला माणूस. अमेरिकेहून आलेल्या लेकीची अवजड गाडी बघून त्यानं १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी बनवली. वजन जेमतेम पावणेतीन किलो. आज दुकानात 'अंब्रेला' म्हणून मिळते ती याच घराण्यातली. दुसऱ्या घराण्याचा फिल बेक्लर, वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावचा. त्याला पळायची हौस, आणि पोराला घरी ठेवून जायचं नव्हतं. म्हणून त्यानं बाबागाडीला सायकलची चाकं बसवली. १९८० च्या दशकात त्यातून कंपनी उभी राहिली आणि तीन चाकांची 'जॉगर' जगभर गेली. पहिल्या घराण्यातली गाडी घेऊन पळू नये, दुसऱ्यातली घेऊन जिना चढू नये. तुम्हाला मात्र एकाच गाडीनं दोन्ही करायचंय.

(तीन चाकं आणि मूल ही जोडी आपल्याला नवी नाही म्हणा. लाकडी पांगुळगाडा तीनच चाकांचा असतो. पण त्यात मूल बसत नाही, त्याला धरून उभं राहतं आणि स्वतःच ढकलतं. तो हिशेब वेगळा.)

हल्ली एक तिसरा, संकरित प्रकारही आलाय. दिसायला जॉगर आणि चाकं अंब्रेलाची. पुढे एक चाक वाटतं, वाकून बघितलं तर दोन छोटी प्लास्टिकची चाकं चिकटून बसवलेली असतात. आपल्याकडे 'तीनचाकी' म्हणून जे विकलं जातं त्यात हे खूप. मॉलमध्ये झकास चालतात. पळायला अजिबात नाही, खोक्यावर पळणाऱ्या बाईचं चित्र असलं तरी नाही.

आता सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं समजून घ्यायला रिक्षा आठवा. रिक्षालाही पुढे एक आणि मागे दोन चाकं. सरळ रस्त्यावर काही नाही, पण वळणावर वेगात घातली आणि आतली माणसं एका बाजूला झुकली की पोटात गोळा येतो. कारण कागदावर काढून बघा. मागच्या दोन चाकांत साठ सेंटिमीटर अंतर धरा, आणि मागच्या कण्यापासून पुढच्या चाकापर्यंत ऐंशी. चार चाकांच्या गाडीचा जमिनीवरचा आधार आयताकृती असतो, तीन चाकांच्या गाडीचा त्रिकोणी. भार या आधाराच्या कडेबाहेर गेला की गाडी कलंडते, म्हणून कड जितकी लांब तितकं बरं. मूल मागे रेलून बसलं की भार कण्याच्या पुढे साधारण वीस सेंटिमीटरवर येतो असं समजू. तिथे त्रिकोणाची कड मध्यापासून साडेबावीस सेंटिमीटरवर असते आणि आयताची तीस. फरक आहे, पण घाबरण्यासारखा नाही. आता त्याच मुलाला कुत्रं दिसलं आणि ते पुढच्या दांडीवर ओणवं झालं. भार चाळीसवर आला. आयताची कड अजून तीसवरच, त्रिकोणाची आली पंधरावर. सगळ्या तीनचाकींची गोम ती हीच. मूल मागे रेललेलं असतं तेव्हा गाडी भक्कम, पुढे झुकलं की नाजूक.

म्हणूनच चांगल्या जॉगरचं पुढचं चाक नाकासारखं लांब पुढे काढलेलं असतं. चाक जितकं पुढे, तितका त्रिकोण सावकाश निमुळता होतो. आखूड नाकाची तीनचाकी दिसायला सुबक, लिफ्टमध्ये फिरवायला सोपी, पण कलंडायला तीच पहिली.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. भाचा दोन वर्षांचा असताना मी त्याला अशाच एका आखूड नाकाच्या गाडीतून बागेत नेलं होतं. पदपथावरून खाली उतरताना घाईत गाडी तिरकी घातली. पुढचं चाक उतरलं, मागचं एक अजून वर, आणि नेमका फुगेवाला आला. भाचा त्याच्याकडे झेपावला. गाडी आडवी झाली. पाच ठिकाणी बांधायचा पट्टा घट्ट होता म्हणून कपाळ वाचलं, हँडल तेवढं खरवडलं. बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तेव्हापासून भाड्यानं गाडी देताना मी प्रत्येकाला पदपथाच्या कडेवर नेऊन दाखवतो. चढताना हँडल खाली दाबायचं, पुढचं चाक वर ठेवायचं, मग मागची ढकलायची. उतरताना स्वतः पाठमोरं व्हायचं आणि मागची दोन्ही चाकं एकदम उतरवायची. स्पीडब्रेकरलाही सरळ सामोरं जायचं, रिक्षावाले काढतात तसं तिरकं नाही.

सासूबाईंचं उरलेलं अर्धं का चूक, तर तिपाई कधी डगमगत नाही म्हणून. चार पायांचं टेबल खडबडीत फरशीवर ठेवलं की एका पायाखाली कागदाची घडी घालावी लागते. तिपाईला ती लागत नाही. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर चार चाकांच्या गाडीचं एक चाक कायम हवेत फडफडत असतं, तीनचाकीची तिन्ही चाकं जमिनीला धरून असतात. शिवाय पुढे एकच चाक, त्यामुळे एका हातानं वळवता येते. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असते किंवा मोठ्या मुलाचं बोट, तेव्हा याचं मोल कळतं.

पण लोक तीन चाकांचं म्हणून जे कौतुक करतात ते बहुतेक मोठ्या चाकाचं असतं. "काका, आमची तीनचाकी कुठेही जाते हो!" ती कुठेही जाते ती बारा इंची चाकामुळे. साधा हिशेब आहे. समोर तीन सेंटिमीटरची कड आली, म्हणजे आपल्या पेव्हरची उचकटलेली कड. पाच इंची चाकाला ती चढायला जेवढा जोर लागतो, त्याच्या निम्म्या जोरात बारा इंची चाक चढतं. लहान चाक कडेला ठोकरतं, मोठं तिच्यावरून घरंगळतं. गटाराच्या जाळीच्या फटीत लहान चाक अडकून गाडी जागच्या जागी थांबते आणि ढकलणाऱ्याच्या पोटात हँडल बसतं, हे तर ज्याला-त्याला माहीत आहे. तेव्हा मोठ्या चाकांची चारचाकी मिळाली तर तीही तितकीच कुठेही जाईल. आणि छोट्या चाकांची तीनचाकी घेतलीत तर कलंडायचा धोका पदरात आणि मोठ्या चाकाचा फायदा नाही, असा आतबट्ट्याचा व्यवहार होतो. दुकानात गेलात की आधी चाकाचा व्यास बघा, चाकं किती आहेत ते नंतर मोजा.

मोठी चाकं दोन प्रकारची असतात, हवेची आणि भरीव. भरीव म्हणजे आत फोम. पंक्चरची कटकट नाही, पण धक्का जास्त लागतो. पळायला हवेचीच बरी. त्यांची लोक उगाच धास्ती घेतात. बारा इंची जॉगरची ट्यूब बहुतेक वेळा मुलांच्या बारा इंची सायकलचीच असते, टायरच्या कडेला साडेबारा गुणिले सव्वादोन असं माप छापलेलं असेल तर कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळेल. एवढंच की चाक छोटं असल्यानं हवेचं तोंड वाकडं असलेली ट्यूब मागा, नाहीतर पंपाची नळी स्पोकमध्ये शिरत नाही. टेकडीच्या पायथ्याला फिरायला जाणाऱ्यांच्या टायरमधून मी दर आठवड्याला बाभळीचे काटे काढतो. त्यांनी ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारा द्रव भरून घ्यावा. आणि पेट्रोल पंपावर हवा भरू नका. या टायरला साधारण तीस-पस्तीस पीएसआयच्या पुढे दाब चालत नाही, नेमका आकडा कडेवर छापलेला असतो. पंपावरची मोठी नळी दोन सेकंदांत ट्यूब फाडते. हातपंप ठेवा घरी.

आता पळण्याचं, कारण मुळात तुमच्या घरात विषय तिथून सुरू झालाय. मुलीला आठ महिने झालेत, म्हणजे वयाची पहिली पायरी ओलांडली. निदान सहा महिन्यांपर्यंत बाळाला घेऊन पळायचं नाही, हे उत्पादकही सांगतात आणि डॉक्टरही. बरेच जण आठ महिने म्हणतात. मान पक्की सावरता यायला हवी, आधाराशिवाय बसता यायला हवं. डॉक्टरांकडे लशीला जाल तेव्हा विचारून घ्या आणि रस्त्याचं खरं वर्णन करा. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर सपाट ट्रॅक येतो आणि आपण पळतो कुठे तर सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर.

पळायच्या गाडीला पुढचं चाक लॉक करता आलंच पाहिजे. चालताना ते गरगर फिरणारं हवं, म्हणजे वळण सोपं. पळताना तेच चाक मॉलमधल्या ट्रॉलीच्या चाकासारखं थडथडायला लागतं आणि बारीक दगड लागला तरी आडवं होऊन गाडी उलटू शकते. पळताना लॉक, चालताना खुलं. काही जॉगरना लॉकचा खटका हँडलवरच असतो, काहींना खाली वाकून चाकापाशी. वाकायला लागतं ती माणसं लॉक करत नाहीत, हा माझा अनुभव. लॉक केल्यावर मोकळ्या रस्त्यावर दहा पावलं गाडी अलगद सोडून बघा. एका बाजूला ओढत असेल तर चाकापाशी जुळवणीचा स्क्रू असतो, तो अर्धा अर्धा आटा फिरवत सरळ करून घ्यायचा. न करता पळाल तर रोज तीन किलोमीटर मनगटानं भांडत पळाल.

पुढचं चाक काढता येत असेल तर त्याचा पकडखटका दरवेळी हातानं ताणून तपासायचा. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं जॉगर विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीवर याच कारणानं दावा लावला होता, चालत्या गाडीचं पुढचं चाक निखळून माणसं आणि मुलं जखमी झाली म्हणून. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या दोन-तीन गाड्यांचा हा खटका ढिला असतो. चाक डिकीत टाकायला काढतात आणि घाईघाईत परत बसवतात. बसवल्यावर गाडीचं नाक उचला आणि चाकाला वरून एक चापट मारा. खडखडलं तर परत बसवा.

नवऱ्याला एवढं सांगा: मनगटाचा पट्टा अडकवल्याशिवाय एक पाऊलही नाही. ऑस्ट्रेलियात हा पट्टा आणि ब्रेकची लाल कळ दोन्ही कायद्यानं सक्तीचे आहेत. तिथेच २००९ मध्ये मेलबर्नच्या ॲशबर्टन स्टेशनवर आईनं क्षणभर हात सोडला आणि बाबागाडी घरंगळत रुळांवर गेली, वर गाडी आली. मूल वाचलं, जवळजवळ खरचटण्यावर निभावलं. कॅमेऱ्यात टिपलेलं ते दृश्य जगानं बघितलं. मी ते गिऱ्हाइकांना दाखवायचो, मग थांबलो, बायका रडायला लागायच्या. आपल्या सोसायट्यांच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार त्या फलाटापेक्षा कितीतरी जास्त असतो. कानात इअरफोन घालून पळायचं असेल तर लेकीला घरी ठेवून पळावं.

हे सगळं झालं गाडीचं. पण आमच्याकडे गाड्या परत येतात त्या बहुतेक गाडीच्या दोषामुळे येत नाहीत, रस्त्याच्या आणि घराच्या मापामुळे येतात. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पैसे खर्च करण्याआधी एकदा टेप घेऊन घरातून निघा आणि जिथे फिरायला जाणार तिथपर्यंत चालत जा. जॉगरची रुंदी साठ ते सत्तर सेंटिमीटर असते, मागची चाकं धरून. घराचं दार तेवढं असतंच. जुन्या लिफ्टचं दार मात्र बऱ्याचदा सत्तर सेंटिमीटरचं असतं, आणि जाळीच्या दाराची असेल तर दुमडलेली जाळी त्यातलं आणखी खाते. मग लिफ्टची आतली खोली मोजा. नाकासकट जॉगर मीटरभर लांब असते आणि मागे तुम्हालाही उभं राहायचंय. नाक आतल्या भिंतीला आणि तुमची पाठ दाराला, अशा अवस्थेत चार मजले रोज दोनदा.

लिफ्टमधून बाहेर पडलात की तीन-चार पायऱ्या असतात का ते बघा. बहुतेक इमारतींत असतात, आणि उतार असला तर त्यावर कुणाची तरी स्कूटर लावलेली असते. बारा किलोची गाडी आणि आठ-नऊ किलोची मुलगी, म्हणजे वीस किलो. ते कोण उचलणार? सकाळी नवरा उचलेल. दुपारी सासूबाई नेणार असतील तर त्यांच्या कमरेचा विचार करा. पुढे फाटक. बागेच्या दाराशी मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून नागमोडी लोखंडी कठडे घातलेले असतात, त्यातून लांब नाकाची गाडी वळत नाही. पदपथावर खांब रोवलेले असतात तेही त्याच कारणासाठी, दोन खांबांतलं अंतर मोजा. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथावर किंवा विद्यापीठाच्या आवारात जॉगर चालवणं म्हणजे सुख आहे. तिथपर्यंत ती न्यायची कशी, हा पुढचा प्रश्न.

आणि तिथे सीएनजी. तुमच्या डिकीत सिलिंडर आहे. हल्लीच्या काही नव्या गाड्यांत दोन लहान सिलिंडर तळाशी बसवून जागा ठेवलेली असते, तसं असेल तर तुम्ही नशीबवान. नाहीतर त्याच्यापुढे उरते ती फटभर जागा. त्यात अंब्रेला उभी-आडवी कशीही जाते. जॉगर जात नाही, तिन्ही चाकं काढूनसुद्धा नाही. मग ती मागच्या सीटवर जाते, आणि मागच्या सीटवर मुलीची कार सीट हवी. एका जोडप्यानं महागडी जॉगर आणली, पहिल्याच रविवारी ती कारमध्ये मावेना म्हणून नवरा ती ढकलत बागेपर्यंत चालत गेला आणि बायको मुलाला घेऊन कारनं गेली. हसू नका, दोन महिने त्यांनी तसंच केलं. मग माझ्याकडे विकायला आले.

नणंदबाईंबद्दल. त्यांच्याबरोबर तान्हं मूल प्रवास करत नसेल तर बाबागाडी साध्या सामानात धरली जाते. वजनात बसेल, तेवीस किलोच्या आत सहज. पण विमानकंपन्यांची मापाचीही मर्यादा असते, लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. जॉगरचं खोकं ती सहसा ओलांडतं आणि जादा पैसे पडतात. चाकं काढून, खोकं टाकून, कपड्यांत गुंडाळून आणतात लोक. आणायचीच तर बरोबर पुढच्या-मागच्या एकेक जादा ट्यूब, पावसाचं कव्हर आणि मच्छरदाणी त्याच कंपनीची आणायला सांगा, इथे मापाची मिळत नाही. आणि हे मनाशी धरा की तिथली वॉरंटी इथे सहसा उपयोगाची नसते. ट्यूब, टायर, बेअरिंग मी बदलून देईन. मिटायच्या सांध्यातला प्लास्टिकचा तुकडा तडकला तर माझ्याकडे त्याला औषध नाही. नटबोल्ट लावून देणारे आहेत, पण ती गाडी मी माझ्या नातवाला देणार नाही.

दुकानात किंवा कुणाची वापरलेली बघायला जाल तेव्हा बरोबर दहा किलो तांदळाची पिशवी न्या. लाजू नका, मी स्वतः नेतो. पिशवी सीटवर ठेवा, पट्ट्यांनी बांधा. गाडी उतारावर नेऊन ब्रेक लावा. ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना एकदम लागला पाहिजे. मग हँडलला पुढे ढोसा. हलली तर नको. आता पिशवी पट्ट्यात असतानाच एका हातानं गाडी वळवून बघा, पाऊल लांब टाकून बघा, नडगी मागच्या कण्यावर आपटते का. उंच पुरुषांची आपटते, पळताना फार. हँडलची उंची तुम्हा दोघांना जुळते का तेही आत्ताच बघा. मग पिशवी काढा आणि भाजीची भरलेली पिशवी हँडलला अडकवा. गाडी मागे उलटली तर दोष तुमचा आहे, गाडीचा नाही, पण मूल बसवण्याआधी ते बघून ठेवलेलं बरं. सामान सीटखालच्या टोपलीतच ठेवायचं.

सांध्यात बोट घालून बघा. म्हणजे खरंच घालू नका, पेन्सिल घाला. मिटताना-उघडताना कात्रीसारखी चालणारी जागा झाकलेली हवी. २००९ मध्ये अमेरिकेत एका नामांकित ब्रँडच्या दहा लाख गाड्या याच कारणावरून परत मागवल्या होत्या, बारा मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. लेबलवर ईएन १८८८ (युरोपचं सुरक्षा मानक) किंवा एएसटीएम एफ ८३३ (अमेरिकेचं) असं असेल तर निदान कुणीतरी या गोष्टी तपासल्यात असं धरून चाला. वजनाची मर्यादाही तिथेच असते. युरोपचं मानक दोन भागांत आहे, पंधरा किलोपर्यंतचं वेगळं आणि बावीसपर्यंतचं वेगळं. पंधरावालीत तुमची लेक तीन वर्षांची होईपर्यंत आरामात बसेल.

ज्यांचं बाळ अगदी नवं आहे आणि जे हे वाचतायत त्यांच्यासाठी दोन ओळी. मान धरत नाही तोवर पाठ जवळजवळ सपाट होणारी गाडी हवी. अर्धवट बसतं ठेवलं की हनुवटी छातीवर येते आणि श्वास कोंडतो. बहुतेक जॉगरची सीट तेवढी सपाट होत नाही. आणि उन्हासाठी गाडीवर ओढणी किंवा साडी टाकू नका. आपल्याकडे ही पद्धत सर्रास आहे, पण आतली हवा खेळत नाही आणि बाळ भट्टीत बसल्यासारखं तापतं. टप पुढे ओढा, सावलीची बाजू धरा, नाहीतर उन्हं उतरल्यावर निघा.

देखभाल फार नाही. चाकाच्या कण्याला केस आणि दोरे गुंडाळतात, ते महिन्यातून एकदा चिमट्यानं काढा. मला एकदा मागच्या चाकातून अख्खी लोकर मिळाली होती, आजी स्वेटर विणत ढकलत होत्या. कुरकुर वाजली म्हणून खोबरेल तेल सोडू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो. सिलिकॉनचा फवारा मारा. गाडी गॅलरीत उन्हात ठेवली की टायर तडकतात.

तर तुमच्या घरासाठी माझं मत. नवरा आठवड्यातून चार दिवस खरंच मुलीला घेऊन पळणार असेल, घरातून निघून घरी परत येणार असेल आणि लिफ्टचं माप जमत असेल, तर नणंदेकडून लांब नाकाची, बारा इंची किंवा त्याहून मोठ्या चाकांची, पुढचं चाक लॉक होणारी जॉगर मागवा. बाहेरगावी आणि डॉक्टरांकडे जायला इथूनच एक साधी हलकी अंब्रेला घ्या. दोन गाड्या म्हणजे उधळपट्टी वाटेल, पण एकीवरच सगळं भागवायला जाल तर ती एक पंधरा दिवसांत माळ्यावर जाईल. नवऱ्याचं पळणं फक्त रविवारचं असेल तर जॉगर आणूच नका. माझ्याकडून नाहीतर कुणाकडून भाड्यानं न्या, महिनाभर बघा. निम्मी माणसं महिन्यानंतर परत करतात आणि मोठ्या चाकांची चारचाकी घेतात. सासूबाईंना हे आत्ताच सांगू नका.

मॉडेलचं नाव मी मुद्दाम देत नाही. आधी दोन मापं कळवा: लिफ्टचं दार पूर्ण उघडल्यावरची मोकळी रुंदी, आणि डिकीत सिलिंडरपासून दारापर्यंत उरलेलं अंतर. डिकी मोजताना दार बंद होऊ शकेल तिथपर्यंतच टेप धरा, लोक उघड्या डिकीचं माप पाठवतात.